जुना मॅनेजर नव्यावर बोलतो, तेव्हा नक्की काय ऐकायचं?

आमच्या नेरुळच्या सोसायटीत संध्याकाळी सातच्या सुमाराला दोन सभा भरतात. एक वॉचमनच्या केबिनशेजारच्या बाकावर, आणि तिचे कायमचे अध्यक्ष म्हणजे अप्पा. अप्पा अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. गेल्या वर्षी गुडघ्यांच्या कारणाने त्यांनी पद सोडलं, बाक मात्र सोडला नाही. दुसरी सभा स्टिल्टखालच्या पार्किंगमध्ये. टर्फवर तासभर फुटबॉल खेळून आलेली पोरं बुटांतला काळा रबराचा चुरा झाडत तिथे बसतात.

परवा त्यांच्यातल्या एकाने, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो, मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. इंग्लंडमधल्या कुठल्याशा क्लबचे माजी मॅनेजर टीव्ही स्टुडिओत बसून आपल्या जागी आलेल्या माणसाची सालं काढत होते. संघाला शिस्त नाही, खेळाडूंशी बोलायची पद्धत नाही, खेळाला वेग नाही.

"काका, हा माणूस क्लब सोडून गेलाय ना? मग याला कशाला पाहिजे नसत्या चौकशा? आणि हा म्हणतो ते खरं धरायचं की जळफळाट समजायचं?"

मी काही बोलणार तेवढ्यात बाकावरून अप्पांचा आवाज आला, "माझ्या काळात पंप एकदाही बंद पडला नव्हता. एकदाही!"

पोराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं होतं. पण उरलेलं अर्धं फुटबॉलचं आहे आणि ते जरा गुंतागुंतीचं आहे, म्हणून हा लेख.

आधी एक घोळ मिटवू. क्रिकेट बघत मोठ्या झालेल्या आपल्याला 'मॅनेजर' म्हटलं की हॉटेलच्या खोल्या, विमानाची तिकिटं आणि किटबॅगांची यादी सांभाळणारा माणूस आठवतो. फुटबॉलचा मॅनेजर तो नव्हे. क्रिकेटमध्ये मैदानावर कर्णधार राज्य करतो. गोलंदाज कोण, क्षेत्ररक्षक कुठे, सगळं तोच ठरवतो. फुटबॉलमध्ये कर्णधाराकडे दंडावरची पट्टी आणि नाणेफेक, बाकी राज्य मॅनेजरचं. आणि इंग्लंडच्या जुन्या परंपरेत तर हे राज्य म्हणजे अक्षरशः राजेशाही होती. कोणाला विकत घ्यायचं, कोणाला विकायचं, शनिवारी कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, सराव किती वाजता, जेवणात काय, अकादमीतल्या सोळा वर्षांच्या पोराला कधी वर घ्यायचं, हे सगळं एका डोक्यातून निघायचं. आता बऱ्याच क्लबांत खरेदी-विक्रीसाठी वेगळा स्पोर्टिंग डायरेक्टर असतो आणि संघ घडवणाऱ्याला हेड कोच म्हणतात. तरी संघ हरला की गर्दी ज्याच्या नावाने ओरडते तो माणूस तोच.

म्हणून 'नव्याची मॅनेजमेंटची पद्धत बरोबर नाही' या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. एक मैदानावरच्या खेळाची: पुढे दाबायचं की मागे थांबून प्रतिहल्ला करायचा. दुसरी माणसं हाताळण्याची: संघाबाहेर बसवलेल्या खेळाडूला समोर बसवून सांगायचं की त्याने यादी वाचून समजून घ्यायचं. तिसरी यंत्रणेची: सहायक कोण, खरेदी कुठून, तब्येतीची देखरेख कोणाकडे. पहिली गोष्ट आपल्याला घरबसल्या दिसते. दुसरी आणि तिसरी दिसत नाही, ती फक्त आतल्या माणसाला कळते. आणि माजी मॅनेजरइतका आतला माणूस दुसरा कोण?

इथेच खरी मेख आहे. नव्याबद्दल बोलायला माजी मॅनेजरइतकी माहिती कोणाकडे नसते, आणि नव्याचा निकाल लावायला त्याच्याइतका नालायक पंचही कोणी नसतो. दोन्ही एकाच कारणाने: ते घर त्याने बांधलेलं असतं.

याचं सगळ्यात मोठं, आणि माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मँचेस्टर युनायटेडचं. अॅलेक्स फर्ग्युसन तिथे नोव्हेंबर १९८६मध्ये आले आणि मे २०१३मध्ये निवृत्त झाले. साडेसव्वीस वर्षं, १३ लीग विजेतेपदं. शेवटच्या मोसमात ८९ गुण, दुसऱ्या क्रमांकापेक्षा ११ जास्त. १२ मे २०१३ला ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या घरच्या मैदानावर, हातात माइक घेऊन त्यांनी प्रेक्षकांना सांगितलं की आता तुमचं काम नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहण्याचं. नवा मॅनेजर म्हणजे डेव्हिड मॉईस, एव्हर्टन क्लबमध्ये अकरा वर्षं घालवलेले, फर्ग्युसन यांच्याच पसंतीचे. करार सहा वर्षांचा. टिकले दहा महिने. २२ एप्रिल २०१४ला त्यांना काढलं, आणि युनायटेडने तो मोसम ६४ गुणांसह सातव्या क्रमांकावर संपवला.

एका वर्षात २५ गुणांची घट. का?

फर्ग्युसन यांनी नंतर जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: क्लब केवढा मोठा आहे याचा मॉईसना पुरता अंदाज आला नव्हता, संघ संथ खेळायला लागला, आणि आधीचे सहायक ठेवले असते तर बरं झालं असतं. ही शेवटची तक्रार जरा जवळून बघू, कारण ती तपासता येते. मॉईसनी आल्याबरोबर माईक फेलन, रेने म्युलेनस्टीन आणि गोलकीपिंगचे कोच एरिक स्टील या तिघांना जाऊ दिलं आणि एव्हर्टनमधली आपली माणसं आणली. यात गुन्हा काही नाही. नवी सून माहेरून आपली दोन भांडी आणतेच. पण या तिघांना कोणता खेळाडू कधी रुसतो, कोणाचा गुडघा थंडीत आखडतो, कोणाला चार लोकांत बोललं की बिघडतो, हे ठाऊक होतं. ही माहिती कुठल्या फाइलीत नसते.

आता ९ फेब्रुवारी २०१४चा दिवस घ्या. ओल्ड ट्रॅफर्डवर समोर फुलहॅम, तेव्हा तक्त्यात तळाला. युनायटेडने त्या सामन्यात बाजूने आत मारलेल्या चेंडूंची, म्हणजे क्रॉसची संख्या ८०च्या वर गेली. एका सामन्यात. फुलहॅमचा उंचापुरा बचावपटू डॅन बर्न नंतर म्हणाला की इतके हेडर आपण खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये खेळायचो त्यानंतर कधी मारले नव्हते. डावीकडून क्रॉस, बर्नचं डोकं. उजवीकडून क्रॉस, पुन्हा बर्नचं डोकं. आमच्या टर्फवरच्या पोरांनासुद्धा दहाव्या वेळी काही वेगळं सुचलं असतं. तरी ऐंशीव्या मिनिटापर्यंत युनायटेड २-१ पुढे गेलं होतं, आणि जादा वेळेत डॅरेन बेंटने बरोबरी साधली. आता मजा ऐका. त्या दिवशी फुलहॅमच्या बाकावर मुख्य कोच म्हणून कोण बसलं होतं? रेने म्युलेनस्टीन. मॉईसनी ज्यांना जाऊ दिलं, तेच. (कथेत असं लिहिलं तर संपादक कापेल. आणि कथेचा शेवटही सरळ नाही: आणखी पाच दिवसांत फुलहॅमने म्युलेनस्टीननाही काढलं.)

म्हणजे फर्ग्युसन यांची टीका खोटी नव्हती. वेग गेला होता, डोकं चालेनासं झालं होतं, जुनी माणसं समोरच्या बाकावर होती.

पण आता आमच्या पंपाकडे या.

अप्पांच्या काळात पंप बंद पडला नाही हे शंभर टक्के खरं आहे. नव्या सेक्रेटरीबाई आल्या आणि तिसऱ्या महिन्यात पंप जळाला. दोन दिवस टँकर. नवी मुंबईत, जिथे महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे आणि ज्या पाण्याचा आपण मुंबईकर पाहुण्यांपुढे तोरा मिरवतो, तिथे टँकर! अप्पांना बोलायला विषय मिळाला. मग मिस्त्रीने पंप उघडला आणि सांगितलं, याची वाइंडिंग कधीचीच गेलीय, बेअरिंग तर बारा वर्षं कोणी बघितलेलं नाही. अप्पांनी अकरा वर्षं पंप चालवला होता, नीट कानाने ऐकून, आवाज बदलला की स्वतः खाली उतरून. बदलला नव्हता. खर्च वाचवला, त्याचं कौतुकही झालं. बिल आलं बाईंच्या नावावर.

२०१३च्या उन्हाळ्यात फर्ग्युसन यांनी जो संघ हातात दिला, त्यात रिओ फर्डिनांड ३४ वर्षांचा, पॅट्रिस एव्हरा ३२चा, नेमान्या विदिच ३१चा, रायन गिग्ज ३९चा. पॉल स्कोल्स त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाला. आधीच्या मोसमात लीगमध्ये २६ गोल करून विजेतेपद जवळजवळ एकट्याने ओढून आणणारा रॉबिन व्हॅन पर्सी ऑगस्टमध्ये तिशीत शिरला. वरून, खेळाडूंच्या खरेदीची बोलणी वर्षानुवर्षं करणारे मुख्याधिकारी डेव्हिड गिलही फर्ग्युसन यांच्याबरोबरच पायउतार झाले. हा पंप चालत होता तो फर्ग्युसन यांच्या कानामुळे. कान घरी गेला आणि पंप राहिला. फर्ग्युसन यांचं यावर उलट म्हणणं असं की मी तरुणही भरपूर ठेवून गेलो, आणि दाविद दे हेयासारखं नाव घेतलं तर ते नाकारता येत नाही. तो गोलकीपर पुढे २०२३पर्यंत तिथे खेळला. पण बचावफळीचा कणा एकाच वेळी म्हातारा होत होता, हेही तितकंच उघड आहे.

माजी मॅनेजरच्या टीकेत हा भाग जवळजवळ कधीच नसतो. नव्याने काय बिघडवलं हे तो सांगेल. आपण काय बिघडलेलं देऊन आलो, हे विचारावं लागतं.

माणसं हाताळण्याबद्दलही एक बारीकशी गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडते. फर्डिनांडने नंतर लिहिलंय की खेळाडूंना जेवणात कमी तेलातले बटाट्याचे चिप्स मिळायचे, पोरं त्यावर खूष असायची, आणि मॉईसनी पहिल्याच आठवड्यात ते बंद केले. आहार म्हणून बघितलं तर मॉईस चुकले असं कोण म्हणेल? पण नव्या साहेबाने पहिल्या आठवड्यात बंद केलेली गोष्ट ही फक्त ती गोष्ट राहत नाही. आमच्याकडे वार्षिक सभेनंतर बटाटेवडा असायचा. या वर्षी ग्लुकोजची बिस्किटं आली. हिशेबात साडेतीन हजार वाचले असतील. सभासद आजही तो वडा विसरलेले नाहीत, आणि गळणाऱ्या गच्चीचं काम बाईंनी दोन महिन्यांत करून घेतलं ते मात्र कोणाच्या तोंडी नाही.

फर्ग्युसन निदान काही महिने गप्प होते. लीड्स युनायटेडमध्ये तर टीका थेट टीव्हीवर, समोरासमोर झाली, आणि तीही नव्या मॅनेजरची नोकरी गेली त्याच संध्याकाळी. डॉन रेव्ही यांनी १९६१पासून लीड्स घडवलं. १९६९ आणि १९७४ साली लीग जिंकली. दुसऱ्या वेळी तर मोसमाच्या सुरुवातीपासून सलग २९ सामने हरले नाहीत. मग ते इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडे गेले आणि लीड्सने त्यांच्या जागी आणलं ब्रायन क्लफ यांना, जे वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत आले होते की लीड्सचा संघ राडेबाज आहे, लबाड आहे. म्हणजे ज्याने आयुष्यभर सासरला नावं ठेवली त्यालाच घरजावई केलं. खेळाडूंनी नंतर सांगितलंय की पहिल्याच बैठकीत क्लफ म्हणाले, तुमची पदकं कचऱ्यात टाका, ती तुम्ही सरळ मार्गाने जिंकलेली नाहीत. निकाल: ४४ दिवस. लीगमधले सहा सामने, त्यात एक विजय.

१२ सप्टेंबर १९७४. यॉर्कशायर टेलिव्हिजनच्या स्टुडिओत ऑस्टिन मिचेल या निवेदकाच्या एका बाजूला सकाळीच काढले गेलेले क्लफ, दुसऱ्या बाजूला रेव्ही. (हे मिचेल पुढे मजूर पक्षाचे खासदार झाले, एवढं भांडण सांभाळल्यावर संसद सोपी गेली असेल.) रेव्हींचा मुख्य प्रश्न साधा होता: आल्याबरोबर सगळे खेळाडू आणि कर्मचारी एकत्र बसवून बोलला का नाहीस? क्लफ म्हणाले, मला लीग तुमच्यापेक्षा चांगल्या पद्धतीने जिंकायची होती. रेव्ही म्हणाले, चांगल्या पद्धतीने कशी जिंकणार, आम्ही तर फक्त चार सामने हरलो होतो.

या दोन वाक्यांत माजी आणि आजी मॅनेजरांची सगळी भांडणं आली. एकासाठी 'चांगलं' म्हणजे गुणतक्ता. दुसऱ्यासाठी 'चांगलं' म्हणजे पद्धत. दोघांची मोजपट्टी वेगळी असताना दोघेही खरं बोलू शकतात आणि वाद कधीच संपत नाही. 'नव्याचं चुकतंय' असं कोणी म्हणालं की पहिल्यांदा हे बघावं की मोजतोय कशाने.

आणि या गोष्टीला पुढचं पान आहे. तेच क्लफ नंतर नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये गेले, १९७८ची लीग जिंकली, लागोपाठ १९७९ आणि १९८०चा युरोपियन कप जिंकला. लीड्समध्ये जी पद्धत ४४ दिवसांत कोसळली, तीच तिथे युरोप जिंकून आली. फरक काय होता? फॉरेस्टला त्यांनी स्वतः घडवलेली पोरं होती, अनेक वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली मुरलेली मंडळी नव्हती. आणि पीटर टेलर सोबत होते, त्यांचे जुने सहकारी, जे लीड्सला आलेच नव्हते. क्लफ गरम, टेलर नरम. रेव्हींची टीका लीड्समधल्या क्लफबद्दल बरोबर होती. मॅनेजर क्लफबद्दल साफ चूक होती. पद्धत ही माणसाच्या खिशात नसते, ती माणूस आणि समोरचा घोळका यांच्यामध्ये कुठेतरी असते. लोणच्याचा तोच मसाला कैरीला लागतो, कारल्याला नाही.

आता थोडं आकड्यांकडे वळू. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

मार्च २०१९. युनायटेडचेच आणखी एक माजी मॅनेजर, नेदरलँड्सचे लुई व्हॅन गाल, एका मुलाखतीत म्हणाले की माझ्यानंतर आलेल्या मॉरिन्यो यांनी 'बस उभी करून' प्रतिहल्ल्याचं फुटबॉल खेळवलं, आणि आताचे सोल्शायरही तेच खेळवतायत, फरक इतकाच की हे जिंकतायत. 'बस उभी करणं' म्हणजे गोलसमोर अख्खा संघ आडवा लावणं, एनएमएमटीची बस पाम बीच रोडवर आडवी घातल्यासारखा. पुढे कोणी जाऊच शकत नाही. गंमत म्हणजे हा शब्दप्रयोग गाजवला तो खुद्द मॉरिन्यो यांनीच, २००४मध्ये, टॉटनहॅम क्लबला टोमणा मारताना.

व्हॅन गाल जे दिसत होतं तेच बोलत होते. पण त्यांचा स्वतःचा संघ? २०१५-१६मध्ये ३८ लीग सामन्यांत ४९ गोल. चेंडू या पायातून त्या पायात, आडवा, पुन्हा आडवा. ओल्ड ट्रॅफर्डवर लोक जांभया देत होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्यातही न्याय म्हणून सांगायला हवं की सोल्शायर यांच्या प्रतिहल्ल्यांचं टोक असलेला मार्कस रॅशफर्ड, त्याला पहिल्या संघात फेब्रुवारी २०१६मध्ये उतरवलं व्हॅन गाल यांनीच. नव्याच्या यशातही जुन्याचं बी असतं. व्हॅन गाल यांनी त्याबद्दल कुरकुर केली असती तर मी जास्त सहानुभूतीने ऐकलं असतं.

सोल्शायर जिंकत होते हे खरंच होतं. डिसेंबर २०१८मध्ये हंगामी म्हणून आले, पहिलाच सामना कार्डिफमध्ये ५-१ जिंकला. पहिल्या १९पैकी १४ विजय. २८ मार्चला क्लबने त्यांना कायम केलं. त्यानंतर त्या मोसमात १० सामने झाले, त्यांतले जिंकले दोन, हरले सहा. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, समोर पुन्हा कार्डिफ, जे तोवर खालच्या लीगमध्ये घसरल्याचं निश्चित झालं होतं. निकाल ०-२.

नव्याचे नऊ दिवस, आपण म्हणतो. पण नऊच का असतात, याचं कारण आहे. फुटबॉलमध्ये गोल फार कमी होतात, त्यामुळे नशिबाचा वाटा फार मोठा. आमच्या पोरांचंच बघा. लागोपाठ पाच रविवार हरली. त्यात दोनदा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, एकदा समोरच्याच्या ढुंगणाला लागून आपल्याच जाळीत. चिडून कर्णधार बदलला. सहाव्या रविवारी जिंकली. नवा कर्णधार छाती काढून फिरतोय. पण चेंडू दर रविवारी खांबाला लागत नसतोच; कर्णधार तोच ठेवला असता तरी सहाव्या किंवा सातव्या रविवारी गाडी रुळावर आली असती. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने हेच नीट तपासलं. नेदरलँड्सच्या वरच्या लीगमधले १९८६ ते २००४चे मोसम घेतले. घसरण लागल्यावर मॅनेजर बदलणारे संघ एका बाजूला, तशीच घसरण लागूनही मॅनेजर न बदलणारे दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचे संघ साधारण सारखेच सावरले. तळाला गेलेली गोष्ट वर येते, शिखरावर असलेली खाली येते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

आता हे माजी मॅनेजरांच्या टीकेला लावून बघा. ज्याला काढलं तो नेहमी खड्ड्यात असताना गेलेला असतो, त्यामुळे नवा आपोआप बरा दिसतो आणि जुना चडफडतो: पोरं माझी, घाम माझा, टाळ्या याला. जो स्वतःहून निवृत्त झाला तो बहुधा शिखरावरून गेलेला असतो, त्यामुळे नवा आपोआप वाईट दिसतो आणि जुना हळहळतो: मी असतो तर. दोघांच्याही बोलण्यात नव्याच्या कर्तबगारीचा भाग किती आणि नशीब फिरल्याचा किती, हे त्यांना स्वतःलाही कळत नसतं. मॉईस आणि युनायटेडच्या त्या २५ गुणांत दोन्ही होतं. फुलहॅमसमोरचे ८०च्या वर क्रॉस नशिबाचे नव्हते, पण आधीच्या वर्षीचे सगळे ८९ गुणही काही निव्वळ कर्तबगारीचे नव्हते.

काही जुनेजाणते बोलत नाहीत. आर्सेन व्हेंगर २२ वर्षांनी २०१८मध्ये आर्सेनल सोडून गेले ते स्टेडियमकडे फिरकलेच नाहीत. प्रेक्षक म्हणून आले ते थेट डिसेंबर २०२२मध्ये. काही न बोलताही अडचण करतात. लिव्हरपूलचे बिल शँक्ली १९७४मध्ये अचानक निवृत्त झाले आणि मग सवयीने रोज सरावाच्या मैदानावर यायला लागले. एका शब्दाने टीका केली नाही, पण खेळाडू सवयीने 'बॉस' म्हणायचे ते यांनाच. नवे मॅनेजर बॉब पेझली यांची पंचाईत. शेवटी शँक्लींना न येण्याबद्दल सुचवावं लागलं, आणि त्या गोष्टीने दोन्हीकडे कडवटपणा राहिला. पेझलींनी पुढे सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. फुटबॉलमधली मला सगळ्यात उदास वाटणारी गोष्ट हीच आहे.

आणि आपल्याकडे? खाडीपलीकडच्या आपल्या मुंबई सिटीत, इंडियन सुपर लीगमधल्या क्लबात, कोच बदलण्याचं चित्र वेगळं दिसलं. (पहिली दोन वर्षं हा क्लब आमच्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्येच खेळायचा, म्हणून मी अजूनही 'आपला' म्हणतो.) सर्जिओ लोबेरा यांनी २०२०-२१मध्ये लीग शील्ड (साखळीत पहिलं येण्याची) आणि चषक (शेवटच्या बाद फेरीचा) दोन्ही जिंकून दिले आणि गेले. डेस बकिंगहॅम आले, २०२२-२३ची शील्ड जिंकली, आणि पुढच्या मोसमात मध्येच इंग्लंडला गेले. पीटर क्रॅटकी आले आणि मे २०२४मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून चषक घेऊन आले. माझ्या मते याचं एक कारण मालकीत होतं. २०१९पासून २०२५पर्यंत हा क्लब मँचेस्टर सिटीवाल्या समूहाकडे होता. खेळायची पद्धत साधारण क्लबच ठरवायचा आणि तिला साजेसा कोच शोधायचा. जिथे घर कोचने बांधलेलंच नाही, तिथे नव्या भाडेकरूने भिंतीला कोणता रंग दिला याचं त्याला दुःख कमी.

मग क्लिपमधल्या माणसाचं काय करायचं? मी पोराला एवढंच सांगितलं की वाक्यं वेगळी काढ. 'खेळाडूंना आदर उरला नाही', 'क्लबची संस्कृती हरवली', ही वाक्यं हवेत सोडलेली असतात. ती ना सिद्ध होतात ना खोटी ठरतात, म्हणून बिनधास्त बोलली जातात. पण 'अमक्या सहायकाला काढलं', 'डावीकडचा बचावपटू आता मधल्या फळीत येऊन खेळतोय आणि मागे जागा मोकळी पडते', असं काही म्हणाला तर कान टवकार. ते पुढच्या सामन्यात स्वतःच्या डोळ्याने बघता येतं, आणि आतल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाच्या लक्षात लवकर आलं नसतं. मग हे बघ की तो कधी बोलतोय: आपल्याला काढल्यावर लगेच, पुस्तक बाजारात येण्याच्या आठवड्यात, की टीव्हीवर पगारी तज्ज्ञ म्हणून. पगारी तज्ज्ञाला गप्प बसायचे पैसे मिळत नाहीत. उलट, अनेक मॅनेजरांना काढताना नुकसानभरपाईबरोबर गुप्ततेची अट घातलेली असते, त्यामुळे जो कालपर्यंत गप्प होता तो आज अचानक बोलायला लागला तर त्याची आठवण जागी झाली असेल असं नाही. मुदत संपली असेल.

"म्हणजे अप्पांचं पण असंच ऐकायचं?" पोराने हळूच विचारलं. मी त्याला डोळ्यांनी दाबलं. अप्पांना ऐकू कमी येतं, पण हवं ते येतं.

रविवारी सकाळी पुन्हा पाणी चढेना. पंप तर नवा. सेक्रेटरीबाई, मी, वॉचमन आणि तो पोरगा, सगळे मोबाईलचे टॉर्च लावून पंपरूममध्ये. मिस्त्री फोन उचलत नव्हता. वीस मिनिटांनी अप्पा काठी टेकत खाली आले, कोणी बोलावलं नव्हतं. आम्हाला बाजूला सारलं, वाकले, आणि कोपऱ्यातला गंजका व्हॉल्व्ह जोर लावून फिरवला. पाइपातून खळखळ आवाज आला.

"हा उलटा फिरतो," अप्पा म्हणाले. "बंद केला असं वाटतं तेव्हा उघडतो. पहिल्यापासून तसाच बसवलाय."

"अप्पा, हे तुम्ही चार्ज देताना का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण चढू शकला असता.

"तुम्ही बसून विचारलंत कधी? फायली घेतल्यात आणि गेलात."

कोणी काही बोललं नाही. मग पोराने खिशातून काळा मार्कर काढला आणि व्हॉल्व्हच्या वरच्या भिंतीवर, चुन्यावर, फिरवायच्या दिशेचा बाण काढून खाली 'उघडा' असं लिहिलं. बाईंनी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

अप्पांनी टॉर्च जवळ नेऊन बाण निरखून बघितला.

"वाकडा काढलास," ते म्हणाले.